धान्यघर वाढवायचंय : मागच्या भाटाचा (माडाच्या बागायतीचा) झोन बदलून घ्यावा का?

पुरुमेंत (धागा सुरू करणार) · १४ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातल्या एका शहरात आम्ही काही जण मिळून धान्यघर चालवतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फाईल चालू आहे, आणि गोव्यात कोण कोणाचा भाचा निघेल याचा नेम नाही.

काम साधं आहे. दर शुक्रवारी दुपारी, ज्यांचे डबे महिना संपायच्या आधीच रिकामे होतात त्यांना तांदूळ, डाळ, तेल, कांदे, साबण देतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात, बांधकामावरची कुटुंबं येतात. रेशन आहे ना, असं लगेच कोणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं, अंत्योदयला घरटी ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. पण त्यात डाळ नाही, तेल नाही. शिवाय ज्यांचं कार्ड गावी आहे त्यांचं धान्य तिकडे म्हातारे आईबाप उचलतात. कार्ड देशभर चालतं हे खरं, पण एकच धान्य दोन चुलींवर कसं शिजणार?

अडचण जागेची आहे. मे महिन्यात लोक आपल्या पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीबरोबर, आमचंही काढून ठेवतात. उकडे तांदूळ, सोलां (आमसुलं), कांद्याच्या माळा, खोबरेल, सगळं एकदम येतं. मग पाऊस. जुनं चिऱ्याचं घर, कौलं, भिंतींना ओल. पोती भिंतीला टेकली की तांदळात सोंडे झालेच. सध्या पोती सोप्यावर आली आहेत आणि माणसं पावसात उभी.

घर एका कुटुंबाने दानपत्राने ट्रस्टला दिलं आहे. नवराबायको दोघांच्या सह्या आहेत, भावंडांचाही प्रश्न नाही. जागा एकूण ६२० चौ. मी. त्यातली पुढची सुमारे ४०० ओडीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) एस-२ म्हणजे वस्ती, मागची २२० बागायत. मागे तीन माड, एक फणस आणि भरपूर गवत.

आम्ही मागच्या बाजूला ९० चौ. मी.चा तळमजली हॉल आणि त्यात लहान शीतखोली असा नकाशा दिला. पीडीएकडून (नियोजन व विकास प्राधिकरणाकडून) दोन मुद्दे आले. हॉलचा अर्धाअधिक भाग बागायतीत जातो हा एक. नकाशावर ‘गोदाम’ लिहिलंय, वस्तीत गोदाम कसं, हा दुसरा. आता फाईल करून देणारे गृहस्थ म्हणतात, नगर नियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली मागच्या पट्ट्याचा झोन बदलून घ्या, छोटा तुकडा आहे, समाजकार्य आहे, होऊन जाईल. विश्वस्तांत दोन तट पडले आहेत. मी कुठल्या तटात आहे ते आत्ता सांगत नाही. जाणकारांनी बोलावं.

साष्टीकार · १४ जून, रात्री ९.५८

करा की अर्ज! डोंगर कापून बंगले उठतात, शेतं बुजवून रिसॉर्ट होतात, त्यांचे झोन बदलतात. गरिबाच्या तांदळालाच तेवढे नियम आठवतात का?

अंत्रुजकर · १४ जून, रात्री १०.१२

साष्टीकार, राग मान्य. पण त्यांनी केलं म्हणून आपणही करू, हे म्हणायला धान्यघर ही जागा नव्हे.

चिरेबंदी · १४ जून, रात्री १०.३०

मी बांधकामातला माणूस. कायद्याचं दुसरे बघतील. घराच्या भिंती चिऱ्यांच्या मातीत बांधलेल्या की चुन्यात? त्यांच्यावर स्लॅब टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. नवीन भाग वेगळ्या खांबांवर, जुन्या भिंतीला न टेकता.

पुरुमेंत · १४ जून, रात्री १०.३४

मातीत. वरून चुन्याचा गिलावा. टेकवणार नाही.

डिचोलकार · १५ जून, सकाळी ७.०५

पहिल्यांदा जमिनीचा एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा) काढा आणि कुळाचा रकाना बघा. मागच्या तुकड्यावर कुळाचं नाव असेल तर पुढची सगळी चर्चा फुकट. १९९१चा भूवापर नियमन कायदा आहे, कुळाकडची शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशालाच वापरता येत नाही. झोन काहीही होऊ दे.

आणि पिकाच्या रकान्यात भात आहे का तेही बघा. २०२३ च्या कायद्याने भातजमीन शेतकरी नसलेल्याच्या नावावर करण्यावर बंधन आलं आहे. दानपत्र त्यानंतरचं असेल तर तुमचं दानच अडचणीत येईल.

पुरुमेंत · १५ जून, सकाळी ११.२०

डिचोलकार बाब, आजच ऑनलाईन उतारा काढला. कुळाचा रकाना कोरा, मुंडकाराचाही (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) कोरा. पीक बागायत, भात नाही. म्हणजे त्या दोन्ही वाटा बंद होत नाहीत.

डिचोलकार · १५ जून, सकाळी ११.२५

मग तर कठीणच. कायदा हो म्हणतोय म्हणजे आता तुम्हालाच ठरवावं लागेल.

नकाशावाला · १५ जून, दुपारी ३.४०

मी नगररचनाकाराच्या हाताखाली बरीच वर्षं नकाशे काढले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

आधी परवानग्यांची उतरंड, कारण धाग्यात सगळ्याची खिचडी होते आहे. ओडीपी क्षेत्रात १९७४च्या नगर नियोजन कायद्याच्या ४४व्या कलमाखाली पीडीएची विकास परवानगी लागते. ती मिळाल्यावर नगरपालिकेचा बांधकाम परवाना, १९६८च्या नगरपालिका कायद्याखाली. जमीन बिगरशेती नसेल तर महसूल संहितेच्या ३२व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांची सनद, ती वेगळी. झोन वस्तीचा आहे म्हणजे सनद आपोआप असते असं नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. बांधून झालं की पूर्णत्वाचा दाखला आणि मग वापराचा दाखला. आणि लक्षात ठेवा, ‘विकास’ म्हणजे फक्त विटा रचणं नव्हे. राहत्या घराचं धान्यघर करणं हा वापरातला बदल, तोही परवानगीच्या कक्षेत येतो. म्हणजे पुढच्या खोल्यांचाही वापर नव्या अर्जात दाखवून घ्या.

आता ३९अ. २०२४च्या दुरुस्तीने हे कलम आलं. त्याखाली एखाद्या भूखंडाचा झोन अर्जावरून बदलता येतो, प्रादेशिक आराखड्यातला किंवा ओडीपीतला. सूचना छापतात, लोकांना ३० दिवस हरकती मांडता येतात, मग निर्णय. याआधी १७(२) होतं, ‘नजरचुकीने झालेली चूक’ दुरुस्त करायचं. त्याचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने यंदा १३ मार्चला रद्द केली. ३९अ वरही याचिका आहेत. म्हणजे तुमचा ट्रस्ट ज्या फांदीवर हॉल बांधणार ती फांदीच कोर्टात आहे. शीतखोली बसवल्यावर फांदी गेली तर काय?

पण समजा, कोर्टाचा काहीच अडथळा नाही. तरीही मी नको म्हणेन. झोन जमिनीला लागतो, तुमच्या कामाला नाही. आज तिथे तांदूळ आहे. पंधरा वर्षांनी विश्वस्त बदलतील, देणग्या आटतील, कर्ज होईल, जागा विकायची पाळी येईल. तेव्हा विकला जाणारा २२० मीटर वस्तीचा तुकडा असेल, आणि घेणारा तिथे काय बांधेल ते ठरवायला तुम्ही नसाल. शिवाय तुमच्या शेजारच्या भाटाचा मालक आपल्या अर्जात लिहील की लगतच्या भूखंडाचा झोन बदललेला आहे. ते वाक्य मी स्वतः किती अर्जांत टाइप केलं आहे विचारू नका.

राहिलं गणित, जे तुमच्या नकाशात कोणी केलेलंच दिसत नाही. चटई आणि व्याप मोजताना वस्तीतलीच जमीन धरायची, ६२० नव्हे. एस-२ मध्ये व्याप ४० टक्के, एफएआर (चटई निर्देशांक) ८०. म्हणजे जमिनीवर १६० चौ. मी., सगळे मजले मिळून ३२०. सध्याचं घर किती?

पुरुमेंत · १५ जून, संध्याकाळी ६.१५

घर ११२ चौ. मी., त्यात बाजूचा जुना गोठा २० चा धरला आहे. गोठ्यात आता फक्त रिकामी पिंपं असतात.

नकाशावाला · १५ जून, संध्याकाळी ६.५०

मग झालं की काम. गोठा पाडा. राहिलं ९२. जमिनीवर ६८ उरतात, एफएआरमध्ये २२८. गोठ्याच्या जागी पुढच्या बाजूलाच दुमजली भाग उभा करा, ६८ अधिक ६८, म्हणजे १३६. जिन्यात आणि भिंतीत बरंच जाईल, तरी तुमच्या ९० च्या हॉलपेक्षा जास्त. तेही झोनला हात न लावता. फक्त दोन गोष्टी तपासा. बाजूने तीन मीटर मोकळे सुटतात का, आणि ओडीपीत समोरचा रस्ता रुंद दाखवला आहे का. दाखवला असेल तर ती पट्टी आत्ताच सोडून मोजा, पुढे रडायला नको.

साष्टीकार · १५ जून, संध्याकाळी ७.३०

नकाशावाले, गणित ऐकून गप्प बसलो. पण एक सांगा, वस्ती नको तर ‘पी’ म्हणजे संस्थात्मक झोन मागितला तर? शाळा-दवाखान्यासारखा. मग कोणी बंगला बांधू शकणार नाही.

नकाशावाला · १५ जून, संध्याकाळी ७.५२

सूचना चांगली आहे, मीही कधीकाळी असंच म्हणायचो. पण ज्या कलमाने बागायतीचा ‘पी’ होतो त्याच कलमाने ‘पी’चा वस्ती होतो. एकदा दार उघडलं की कडी बाहेरून कोणीही काढू शकतो.

मागची गल्ली · १५ जून, रात्री ८.४५

मी या धान्यघराच्या मागच्या गल्लीत राहते. धागा वाचून ओळखलं, लपवायचा प्रयत्न चांगला होता.

आमच्या गल्लीत लोक काय बोलतात ते इथे लिहिते, कारण समोरासमोर सगळे ‘बरें काम आसा’ म्हणून घरी जातात. शुक्रवारी दुपारी रांग आमच्या फाटकापर्यंत येते. पिकअप उलटी आणतात तेव्हा शाळेतून येणारी मुलं बाजूला उभी राहतात, जागाच नाही. रात्री घुशी फिरतात, त्या आधीही होत्या, पण आता जास्त आहेत. आणि शीतखोलीचा पंखा आमच्या खिडकीकडे तोंड करून बसवणार असल्याचं ऐकलं.

सगळ्यात महत्त्वाचं, मागचा पट्टा सखल आहे. जुलैत वरच्या चार घरांचं पाणी तिथे उतरतं आणि दोन दिवस उभं राहून मुरतं. तिथे हॉलची जोती भरली की ते पाणी माझ्या स्वयंपाकघरात येणार. माझा धान्याला विरोध नाही. माझी सासू त्यांना कांदे देते.

पिकअपवाला · १५ जून, रात्री ९.१०

ताई, मीच आणतो ती पिकअप. रस्ताच तेवढा आहे हो.

चिरेबंदी · १५ जून, रात्री ९.३१

मागची गल्ली ताई जे सांगतात ते नकाशावर दिसत नाही, पावसात उभं राहिल्यावर दिसतं. सखल जमीन भरायची तर १७अ कलमाखाली मुख्य नगररचनाकारांची परवानगी लागते, पण परवानगी मिळाली म्हणून पाण्याची वाट बदलत नाही. गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मागचा पट्टा म्हणजे त्या गल्लीची मोरी समजा.

माडाचा माज · १५ जून, रात्री ९.४४

हॉल मागेच बांधायचा झाला तर फणस पाडायला १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागेल. माडांनाही. २०१६ साली दुरुस्ती करून माडाला झाडांच्या व्याख्येतून काढलं होतं, माड म्हणे झाड नव्हे. गोवाभर हसू झालं आणि पुढच्या वर्षी परत घेतलं. विषयाला सोडून आहे, पण राहवलं नाही.

नवा भाडेकरू · १५ जून, रात्री १०.०५

एक वेगळाच मुद्दा. या शहरांत आधीच बाहेरून आलेल्यांची गर्दी आहे. फुकट धान्य दिलं तर अजून येतील. झोन राहू दे, हे धान्यघर वाढावं का हाच खरा प्रश्न आहे.

अंत्रुजकर · १५ जून, रात्री १०.२२

तुमचं नावच ‘नवा भाडेकरू’ आहे हे लक्षात आहे ना?

असो. पाच किलो तांदळासाठी कोणी झारखंडातून गाडीत बसत नाही. तो येतो तुमच्या इमारतीची स्लॅब ओतायला. आणि या धाग्यात विषय वापराचा, रस्त्याचा, पाण्याचा आहे. नियोजनाच्या कायद्यात रांगेत कोण उभा आहे हा रकाना नाही, नसावाही. शेजारणीने मांडलेल्या हरकती बघा, एकीतही माणसाची जात-गाव नाही. हरकत अशी असावी.

संपादक मंडळ · १५ जून, रात्री १०.४०

या विषयावर पुढचे तीन प्रतिसाद काढले आहेत. धागा इमारतीवरच राहू द्या.

उकडा तांदूळ · १६ जून, सकाळी ८.१५

गोदामाच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही. मी अन्न परवान्यांचं काम करतो, थोडं सांगतो.

वस्ती झोनच्या वापरांत घरं, शाळा, दवाखाना, देऊळ-चर्च, समाजसभागृह, लहान दुकानं बसतात. गोदामाची जागा व्यापारी किंवा औद्योगिक पट्ट्यात. काही जण सांगतील की नकाशावरचा शब्द बदलून ‘बहुउद्देशीय सभागृह’ करा. करू नका. उद्या तपासणीला कोणी आलं आणि सभागृहात छतापर्यंत पोती दिसली तर वापराचा दाखला जातो. शब्द नको, काम बदला. वाटपाची जागा आणि साठ्याची जागा वेगळी करा. शहरात एका आठवड्याच्या वाटपापुरतंच ठेवा, बाकी पुरुमेंताचा साठा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडचा कोपरा भाड्याने घेऊन तिथे ठेवा. कारखानदार पावसाळ्यात चार महिने कोपरा देतात, मागून बघा. मग अर्जात लिहायला लाज वाटणार नाही की इथे आठवड्याचं वाटप होतं, एवढी पोती, एवढ्या फेऱ्या. घुशी कमी होतील ते वेगळं.

तांदळाचा ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की कीड आणि बुरशी धरते. फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब, मध्ये फिरायला वाट. चिऱ्याच्या भिंतीला पोतं टेकवणं म्हणजे पोत्याला पाणी पाजणं.

आणि शीतखोली कशासाठी? हॉटेल-लग्नातलं उरलेलं अन्न घेणार असाल तर २०१९चे उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम लागू होतात. नोंदणी हवी, मुदतीतलंच अन्न हवं, पाकिटावर विक्रीसाठी नाही असं लिहावं लागतं, नोंदवही ठेवावी लागते. गोव्यात हे अन्न व औषध प्रशासनाकडे येतं. नुसत्या कोरड्या धान्यासाठी शीतखोलीचा खर्च कशाला?

पुरुमेंत · १६ जून, सकाळी ९.०२

शीतखोली दूध, लोणी आणि लग्नसराईत येणाऱ्या मिठायांसाठी. किनाऱ्यावरची दोन हॉटेलं भाजी द्यायला तयार आहेत. शिजलेलं अन्न घेत नाही, घेणारही नाही.

उकडा तांदूळ · १६ जून, सकाळी ९.१०

मग खोली नको, दोन उभे फ्रीजर पुरे. यंत्र कमी, आवाज कमी.

मागची गल्ली · १६ जून, सकाळी ९.३०

फ्रीजरचं तोंड कुठे?

नकाशावाला · १६ जून, दुपारी १२.१०

ताई, वस्तीत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. हे २००० सालच्या नियमांत आहे. पुरुमेंत, यंत्रं रस्त्याच्या बाजूला, खाली रबर, आणि आराखड्यातच जागा दाखवा म्हणजे नंतर कोणी हलवणार नाही. रांगेचंही नकाशात दाखवा. नवीन भागाच्या तळमजल्यावर पुढे छप्पर काढून आत वळणारी रांग करा, दार रस्त्यावर नको. छपराचा भाग व्यापात धरला जातो का ते तुमच्या वास्तुविशारदाकडून आधी वदवून घ्या.

आणि अर्जाआधी गल्लीतल्या घरी नकाशा घेऊन जा. ४४ खालच्या परवानगीत शेजाऱ्यांची सुनावणी सक्तीची नाही, म्हणून कोणी जात नाही, आणि मग माहिती अधिकाराचे अर्ज, तक्रारी, पाहणी, स्थगिती. दोन चहांत जे सुटतं त्यासाठी दोन वर्षं जातात.

बेतूलचो · १६ जून, दुपारी १.४५

माझं मत वेगळं. नकाशावाल्यांची बाजू बरोबर आहे, पण ती ऐकून धान्यघरं कायम सोप्यावरच राहतील. सरकारने ओडीपी करतानाच अशा कामांना जागा राखायला हवी होती. ओडीपीत बागा, शाळा, बाजार, स्मशान सगळं दाखवतात. अन्नवाटपाला जागा कोण दाखवतो? प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदतसंस्था पोर्तुगीज काळापासून आहे, ती वृद्धाश्रम चालवते. रोजच्या अन्नाचं काम देवळं, चर्चच्या संस्था आणि तुमच्यासारखे लोक करतात, तेही कुणाच्या तरी वाडवडिलांच्या घरात. त्यामुळे प्रत्येक वाढ म्हणजे कोणाची तरी गल्ली आणि कोणाचं तरी भाट.

नकाशावाला · १६ जून, दुपारी २.२०

बेतूलचो बाब, हे शंभर टक्के मान्य. पण त्याचा उपाय पुढच्या ओडीपीच्या हरकती-सूचनांत नगरपालिकेच्या मंडईमागे किंवा बसस्टँडजवळ सार्वजनिक जागा मागणं. तीही नावानिशी, सर्व्हे क्रमांकासह. तुकड्यातुकड्याने झोन बदलून आराखडा सुधारत नाही, भोकं पडतात.

साष्टीकार · १६ जून, दुपारी २.३१

मागायला मी येतो. सही माझी पहिली.

माडाचा माज · १६ जून, दुपारी २.४०

सर्व्हे क्रमांक घेऊन ये, नुसती सही नको.

पुरुमेंत · २२ जून, रात्री ८.३०

विश्वस्तांची बैठक झाली. आधी न सांगितलेलं सांगतो. मी झोन बदलू नये या तटात होतो, पण माझ्याकडे पर्याय नव्हता, म्हणून धागा काढला. दुसऱ्या तटाचं म्हणणं होतं की तत्त्वासाठी माणसं पावसात भिजवायची का. त्याला उत्तर नुसतं तत्त्व असून चालत नाही, ६८ अधिक ६८ हे उत्तर लागतं.

ठरलं ते असं. ३९अ चा अर्ज करायचा नाही. मागचा पट्टा बागायतच. तिथे पाणी मुरू द्यायचं, पाऊस सरल्यावर लाल भाजी आणि वाल लावायचे. गोठा पाडून दुमजली भाग. वास्तुविशारदाने मोजलं, एका बाजूने तीन मीटर जेमतेम सुटतात, त्यामुळे ६८ ऐवजी तळाला ६१ मिळतील. वर निवडणं-बांधणं आणि नोंदी, खाली वाटप. शीतखोली रद्द, दोन फ्रीजर रस्त्याच्या बाजूला. समोर रस्त्यासाठी दीड मीटर सोडायचा आहे, तो सोडलाच आहे. वापराच्या रकान्यात साप्ताहिक धान्यवाटप आणि सात दिवसांचा साठा असं स्पष्ट लिहिलं आहे. पुरुमेंताच्या साठ्यासाठी औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगवाल्याने शेडचा कोपरा दिला आहे, भाडं नाममात्र.

एक विश्वस्त अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, शेडमधून दर आठवड्याला माल आणायचा खर्च कोण देणार. तो हिशेब खरंच बसत नाही. पिकअपवाले, तुमच्याशी बोलायचं आहे.

पिकअपवाला · २२ जून, रात्री ८.५०

डिझेल द्या, माझी मजुरी नको. पण गुरुवारी रात्री आणीन, शुक्रवारी दुपारी नाही. मुलं सुटायच्या वेळी त्या गल्लीत गाडी घालणार नाही.

अंत्रुजकर · २२ जून, रात्री ९.०५

रात्री दहाच्या आत हं.

चिरेबंदी · २२ जून, रात्री ९.१२

गोठ्याचे चिरे फेकू नका. चांगले निघाले तर बाहेरच्या रांगेच्या कट्ट्याला वापरा, बसायला होईल. पण पावसात पाडू नका, बाजूच्या भिंतीत पाणी शिरेल. चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे.

उकडा तांदूळ · २२ जून, रात्री ९.३०

अन्न नोंदणीचा अर्ज वापराच्या दाखल्याची वाट न बघता सध्याच्या जागेवर करून ठेवा. नंतर बदल कळवता येतो. कागद लागले तर निरोप टाका.

डिचोलकार · २३ जून, सकाळी ७.१०

सनद कुठल्या क्षेत्राची आहे बघितलंत? पूर्ण ४०० ची की फक्त जुन्या घराखालची?

पुरुमेंत · २३ जून, सकाळी १०.४०

फक्त घराखालची आणि अंगणाची. गोठा बाहेर राहतो. अर्ज या आठवड्यात जाईल. देव बरें करूं, बाब.

मागची गल्ली · २३ जून, दुपारी १.१५

नकाशा घेऊन आलात ते बरं झालं, सासूने आल्या आल्या फ्रीजरचंच विचारलं ना? गोठा पाडायचा दिवस ठरला की आधी कळवा. आमची स्कूटर त्याच भिंतीला लावलेली असते.